स्पोर्ट्स कारसाठी पीपीएफ की सिरॅमिक कोटिंग? ठरवण्याआधी हे वाचा

नवीन गाडी येणार असेल तर पीपीएफ करू का सिरॅमिक हा प्रश्न पडतोच, पण या दोन्हींची कामं मुळात वेगळी आहेत. पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, टीपीयू या लवचिक प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म, ती दगडाचा मार स्वतः खाते. सिरॅमिक म्हणजे पेंटवर बसणारा पातळ, कडक थर, त्याच्यामुळे घाण आणि पाणी चिकटत नाही. त्यामुळे तुमच्या गाडीचा पेंट नक्की कशाने खराब होणार आहे हे आधी बघा, उत्तर तिथेच आहे.

जाडी बघितली की फरक लगेच कळतो. फिल्म साधारण 150 ते 200 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, कंपनीचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, बहुतेक 40-50 च्या आसपास आणि सिरॅमिक जेमतेम एक-दोन मायक्रॉन. आता हायवेवर पुढच्या गाडीने उडवलेली खडी एक-दोन मायक्रॉनचा थर कसा थांबवणार? बाटलीवर 9एच लिहिलेलं असतं ते पेन्सिलने ओरखडा काढायच्या टेस्टचं माप आहे, दगडाच्या माराशी त्याचा काही संबंध नाही. सिरॅमिक केलं आता दगडाची भीती नाही असं कोणी सांगत असेल तर तिथून सरळ निघा.

आणि स्पोर्ट्स कारला दगड जास्तच लागतात हो. नाक जमिनीला टेकलेलं, टायर रुंद आणि चिकट, ते खडी उचलून आपल्याच साइड स्कर्टवर आणि मागच्या फेंडरवर मारतात, मिड-इंजिन गाडी (इंजिन सीटच्या मागे) असेल तर दारामागच्या एअर इनटेकची कडपण सोलून निघते. म्हणून गाडी खरंच चालवणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे, पुढचा बंपर, पूर्ण बॉनेट, पुढचे फेंडर, आरसे, साइड स्कर्ट आणि मागच्या चाकांच्या पुढचा भाग एवढ्याला फिल्म हवीच. बॉनेटला अर्धीच लावू नका, मध्ये जी रेघ येते तिथे घाण साचते आणि डार्क कलरवर ती लांबून दिसते.

फिल्मचे तोटेही आहेत. जवळून बघितलं तर काही फिल्मवर संत्र्याच्या सालीसारखा पोत दिसतो, स्वस्तातली पीव्हीसी फिल्म लवकर पिवळी पडते, पक्ष्याची विष्ठा राहिली तर फिल्मवरही डाग पडतो. सेल्फ-हीलिंग म्हणतात ते खरं आहे, उन्हाने किंवा गरम पाण्याने बारीक ओरखडे भरून येतात, पण खोल कट भरत नाही. प्रेशर वॉशर कडेला जवळून मारला तर फिल्म उचलली जाते.

ब्रँडपेक्षा लावणारा माणूस महत्त्वाचा, हे मी कितीही वेळा सांगेन. गाडीवरच ब्लेडने कापता का प्लॉटरवर, म्हणजे मशीनवर, आधीच मापात कापलेले पीस लावता, कडा आत वळवता का, हे विचारा. गाडीवर कापत असतील तर हात किती सफाईचा आहे ते त्यांनी केलेल्या जुन्या गाड्या बघून तपासा, कारण ब्लेडची रेघ पेंटमध्ये गेली तर ती फिल्म काढल्यावरच दिसते. गाडी जुनी घेतली असेल तर कुठलं पॅनल रीपेंट आहे का तेही आधी बघा, कमजोर रीपेंटवरून फिल्म काढताना पेंट सोबत येऊ शकतो. रीपेंट ओळखायला पेंटची जाडी मोजणारा पेंट मीटर वापरतात, पण कार्बन फायबर आणि प्लॅस्टिकवर नेहमीचा चालत नाही, त्याला अल्ट्रासॉनिक लागतो.

मग सिरॅमिक कोणासाठी? जी गाडी कमी चालते, बहुतेक वेळ कव्हरखाली असते, आणि तुम्हाला धुणं सोपं हवंय, चमक हवीये, त्यांच्यासाठी मस्त आहे. फक्त त्याच्याआधी पॉलिश नीट झालं पाहिजे, नाहीतर स्वर्ल मार्क्स, म्हणजे धुता-पुसताना पडलेले बारीक गोल ओरखडे, कोटिंगखाली तसेच राहतात. आणि पाणी थेंब होऊन घसरतं म्हणून पुसायचं नाही असं नाही, जड (क्षारांच्या) पाण्याचे थेंब उन्हात वाळले की डाग सोडतातच. वॅक्सबद्दल एवढंच की दिसतं छान पण काही आठवडे ते काही महिने टिकतं. विनाईल रॅप, म्हणजे गाडीवर चिकटवायची रंगीत फिल्म, रंग बदलायला घ्या, संरक्षणासाठी नको.

बजेट असेल तर दोन्ही करा, पुढे आणि खाली फिल्म आणि मग सगळ्या गाडीवर सिरॅमिक, फिल्मवर पण. क्रम मात्र हाच ठेवा, आधी कोटिंग करून वर फिल्म लावायला गेलात तर ती नीट चिकटत नाही.

मॅट पेंटचं गणित वेगळं आहे. मॅटवर ओरखडा आला तर पॉलिश करता येत नाही, केलं की तो भाग चमकायला लागतो आणि मग पूर्ण पॅनल रंगवावं लागतं. त्यामुळे मॅट गाडीला मी पूर्ण बॉडी फिल्मच सांगेन, तीही मॅट फिनिशचीच, कारण ग्लॉस फिल्म लावली तर गाडी ग्लॉसच दिसणार.