बॉल्डर्स गेट : एनहान्स्ड एडिशन घ्यावी का?

२०२३ मध्ये लॅरियन या कंपनीचा ‘बॉल्डर्स गेट ३’ हा रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम आला आणि जुन्या दोन भागांची चौकशी पुन्हा सुरू झाली. स्टीम किंवा जीओजी या ऑनलाइन गेम-दुकानांत पहिला भाग शोधला की समोर येते ती ‘एनहान्स्ड एडिशन’. मूळ गेम बायोवेअरचा, डिसेंबर १९९८ चा. ही सुधारित आवृत्ती बीमडॉगने नोव्हेंबर २०१२ मध्ये काढली आणि त्यानंतर कित्येक वर्षं तिला पॅच दिले, २.६ हा मोठा पॅच २०२१ चा. आमचं मत आधीच सांगतो: घ्या. पण ग्राफिक्स नवे असतील म्हणून घेऊ नका, आणि नव्या पात्रांसाठी तर नकोच. पैसे वसूल होतात ते इंजिनामुळे, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रणालीमुळे.

मूळ गेम पाच सीडींवर यायचा आणि ६४० बाय ४८० रिझोल्युशनवर चालायचा. आजच्या विंडोजवर तो चालवता येतो, पण त्यासाठी आधी वाइडस्क्रीन मॉड (मॉड म्हणजे खेळाडूंनी बनवलेली जोडणी), मग जुने फिक्स, मग डायरेक्टएक्सची जुनी फाइल असं एकेक जोडत बसावं लागतं. शिवाय पहिल्या भागाचं इंजिन दुसऱ्या भागाच्या मानाने अडाणी होतं. २००० साली दुसरा भाग आला तेव्हा त्यात क्लासच्या, म्हणजे पात्राच्या पेशाच्या, पोटात ‘किट’ हे खास उपप्रकार आले, दोन्ही हातांत शस्त्र धरण्याची सोय आली, सॉर्सरर, मंक आणि बार्बेरियन हे नवे क्लास आले. मॉडवाल्यांनी नंतर ‘टूटू’ आणि ‘बीजीटी’ काढून पहिला भाग दुसऱ्याच्या इंजिनात बसवला. बीमडॉगने तेच काम अधिकृतपणे केलं आणि त्यावर झूम, मोठे फाँट, पटकन लूट उचलण्याची पट्टी, टॅब दाबल्यावर उजळणाऱ्या पेट्या-कपाटं यांची भर घातली. मॉड लावून मूळ गेम तुमच्याकडे नीट चालत असेल, तर या आवृत्तीत तुमच्यासाठी फारसं नवं नाही. नसेल, तर एक अख्खी संध्याकाळ वाचते.

आता चित्रांचं. पार्श्वभूमीची मूळ थ्रीडी कामं सापडली नाहीत, त्यामुळे ती पुन्हा मोठ्या आकारात काढता आली नाहीत. गेममधल्या कँडलकीपची भिंत, नॅशकेलच्या खाणीतले दगड, बेरेगॉस्टची कौलं हे सगळं १९९८ चंच आहे. माउसच्या चाकाने जवळ गेलात की ते धूसर होतं, लांब गेलात की माणसं मुंगीएवढी दिसतात. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर झूम मध्यावर ठेवलं तर चित्र खरोखर छान दिसतं, कारण ते हाताने घडवलेलं आहे आणि त्याच्या सावल्या अजून जिवंत आहेत. त्याहून जास्त काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मधले व्हिडिओ मात्र बदललेत: जुन्या थ्रीडी चित्रफितींऐवजी रंगवलेली, थोडी हलणारी चित्रं आहेत. जुने व्हिडिओ परत आणणारे मॉड आहेत, ज्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटेल त्यांच्यासाठी.

विकत घेतल्यावर पहिलं काम म्हणजे ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाणं. माणसांभोवती काळी जाड रेघ दिसते, ती ‘स्प्राइट आउटलाइन’, बंद करा. पॉज केल्यावर सगळं राखाडी होतं, तेही बंद करता येतं. इंटरफेस स्केल करण्याचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर मोठ्या रिझोल्युशनवर बटणं शोधावी लागतात. जुन्या लॅपटॉपवर काळा पडदा किंवा लुकलुक दिसली तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. हे इंजिन ओपनजीएलवर चालतं आणि जुन्या इंटेल चिपचे ड्रायव्हर तिथेच अडतात. तरीही नाही जमलं तर ‘अल्टरनेट रेंडरर’ लावून पाहा.

तिसऱ्या भागावरून इकडे येणाऱ्याला खरा धक्का बसतो तो नियमांचा. तो गेम पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर आणि पाळीपाळीने चालतो. इथे ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सची दुसरी आवृत्ती आहे, आणि लढाई सतत चालू असते. स्पेसबार दाबून थांबवायची, तुमच्या पार्टीतल्या (टोळीतल्या) सहाही जणांना काम सांगायचं, पुन्हा स्पेसबार. एक राउंड सहा सेकंदांचा. आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, जितका कमी तितका चांगला, उणे झाला तर उत्तम. फटका लागतो की नाही हे ठरवतो थॅको. गणित सोपं आहे: तुमच्या थॅकोतून शत्रूचा आर्मर क्लास वजा करा, वीस बाजूंच्या फाशावर तेवढं किंवा जास्त पडलं की फटका लागला. पहिल्या लेव्हलला थॅको २०. समोरच्याचा आर्मर क्लास ७ असेल तर १३ किंवा जास्त पडायला हवं, म्हणजे शंभरात चाळीस. आर्मर क्लास २ असेल तर १८ हवेत, म्हणजे शंभरात पंधरा. पहिले दोन तास तलवार हवेतच फिरत राहते ती यामुळे, गेम बिघडलाय म्हणून नाही.

यावरचा उपाय पहिल्या भागातच दडलेला आहे: लांबून मारा. धनुष्याला एका राउंडमध्ये दोन बाण सुटतात, डार्टला तीन, आणि डेक्स्टेरिटी (चपळाई) १८ असेल तर नेम दोनाने सुधारतो. तीच १८ आर्मर क्लासही चाराने खाली आणते. सहापैकी चौघांच्या हातात धनुष्य किंवा गोफण, पुढे दोघं चिलखतवाले, आणि जादूगाराकडे ‘स्लीप’ हा झोपवणारा स्पेल (मंत्र), एवढ्यावर अर्धा गेम निघतो. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे हिट पॉइंट (जीव) जेमतेम ४, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १६ असेल तर ६. एक बाण लागला की संपला. पण तोच जादूगार ‘स्लीप’ टाकून डाकूंची अख्खी टोळी झोपवतो, आणि झोपलेल्यावर प्रत्येक फटका लागतोच. एल्फवर आणि मेलेल्यांतून उठलेल्यांवर त्याचा भरवसा ठेवू नका.

सुरुवातीचे बहुतेक मृत्यू होतात ते फ्रेंडली आर्म इन या सराईच्या पायऱ्यांवर. तिथे टार्नेश नावाचा जादूगार तुमचीच वाट पाहत असतो. बोलणं संपलं की तो ‘मिरर इमेज’ने स्वतःच्या प्रतिमा उभ्या करतो, मग ‘हॉरर’ टाकतो, आणि तुमची पार्टी घाबरून चारी दिशांना पळते. पळणाऱ्यांना तो मॅजिक मिसाइलने एकेक करून टिपतो. इथे लोक गेम बंद करतात. खरं तर हा धडा आहे, आणि चांगला आहे. कुठल्याही जादूगाराला स्पेल म्हणताना इजा झाली की स्पेल वाया जातो. बोलणं संपताच पॉज करा, प्रत्येकाच्या हातात बाण, डार्ट, गोफण द्या, सगळ्यांचा रोख त्याच्यावर ठेवा, आणि घोळका न करता पसरून उभे राहा. नेम आधी प्रतिमा फोडण्यातच जातो, म्हणून जास्त संख्येने जाणारे फटके महत्त्वाचे. इमोएन ही सोबतीण कँडलकीपबाहेर रस्त्यावरच तुम्हाला येऊन मिळते आणि तिच्याकडे मॅजिक मिसाइलची वँड (जादूची कांडी) असते. ती पुढच्या कशासाठी तरी राखून ठेवू नका, इथे वापरा. पार्टीत क्लेरिक (पुजारी) असेल तर ‘रिमूव्ह फिअर’ आधीच लक्षात ठेवून झोपा.

दुसरं एक बारीक: कथेतली लोखंडाची टंचाई फक्त संवादांपुरती नाही. खराब लोखंडाची साधी तलवार ऐन लढाईत तुटते. लाकडी दंडा, लाठी आणि जादूची शस्त्रं तुटत नाहीत. लढवय्याच्या पिशवीत एक जादा शस्त्र ठेवाच.

इंजिन बदलल्याने समतोलही बदललाय, हे मान्य करायला हवं. पहिल्या भागाचे शत्रू किट नसलेल्या पात्रांना धरून बेतलेले होते. एल्फ रेंजरला आर्चर हे किट दिलं की तो एकटाच बरंच काही संपवतो. बर्सर्कर या फायटरच्या किटचा त्वेष चालू असेपर्यंत त्याच्यावर भुरळ चालत नाही, आणि समुद्रकाठच्या सायरीन, ज्या एरवी पार्टीतल्याच एकाला तुमच्यावर उलटवतात, त्या सोप्या होऊन जातात. पहिल्यांदा खेळणाऱ्याला ही मदत हवीहवीशी वाटेल. जुना कस हवा असेल तर साधा फायटर, साधा थीफ घ्या आणि अडचण ‘कोअर रूल्स’वर ठेवा. त्याखालच्या ‘नॉर्मल’वर लेव्हल वाढताना हिट पॉइंट पूर्ण मिळतात, फासा टाकावा लागत नाही, पहिल्या फेरीला तेच बरं. ‘स्टोरी मोड’मध्ये मरणच नाही, आणि मग या लढायांमध्ये पाहण्यासारखं काही उरत नाही.

नवी मुख्य पात्रं तीन: बेरेगॉस्टची जंगली जादूगार नीरा, नॅशकेलचा मंक रसाद आणि हाफ-ऑर्क ब्लॅकगार्ड डॉर्न. जुनी पात्रं दोन-चार वाक्यं बोलून गप्प बसतात. ही तिघं मात्र सतत थांबवून बोलतात, त्यांचे स्वतःचे नकाशे आहेत, स्वतःचे शत्रू आहेत. लिखाण वाईट नाही, पण पोत वेगळा आहे. मिन्स्क आणि जाहीरा यांच्या शेजारी ती दुसऱ्याच गेममधून आल्यासारखी वाटतात. आमचा सल्ला: पहिल्या फेरीत जुन्यांनाच घ्या. नीराची जंगली जादू गंमत म्हणून पुढच्या वेळी. तिचा स्पेल कधी भलतंच काहीतरी करून बसतो आणि तुमच्याच माणसांवर उलटतो.

वाट शोधण्याचं जुनं दुखणं बरंच कमी झालंय, गेलेलं नाही. फायरवाइन पुलाखालच्या अवशेषांत वाटा एका माणसाएवढ्या अरुंद आहेत, कोबोल्ड नावाचे छोटे राक्षस येतच राहतात, सापळे आहेत. सहा जणांना एकदम पाठवलं की मागचे उलट्या वाटेने फिरून येतात आणि जादूगार एकटाच शत्रूसमोर उभा राहतो. दोघादोघांना निवडून हलवा, थीफला पुढे ठेवून सापळे शोधत राहा, आणि अशा ठिकाणी क्विकसेव्ह करायला विसरू नका.

‘सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर’ हा २०१६ मधला जोडभाग वेगळा विकत घ्यावा लागतो. कथा पहिल्या आणि दुसऱ्या भागांच्या मधली. रचना सरळ रेषेत जाणारी, म्हणून पहिल्या भागातली मोकळी भटकंती इथे नाही. पण लढाया जास्त विचारपूर्वक रचल्यात, आणि शत्रूचे जादूगार काय करतात हे पाहण्यासारखं आहे. तो वगळूनही दुसऱ्या भागात जाता येतं. पहिला भाग संपवल्याशिवाय घेऊ नका.

मॉड लावायचे असतील तर एक गोष्ट आधी. ड्रॅगनस्पिअरचा मजकूर एका झिप फाइलमध्ये बंद येतो आणि बहुतेक मॉड, जे वेइडू या साधनावर चालतात, त्यांना तो वाचता येत नाही. आधी ‘डीएलसी मर्जर’ चालवा, मगच बाकीचे मॉड. स्टीमवर असाल तर गेमचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून त्यावर काम करा, म्हणजे अचानक आलेलं अपडेट सगळं मोडणार नाही. पहिल्या फेरीला ‘ट्वीक्स अँथॉलॉजी’ पुरे. ‘स्वोर्ड कोस्ट स्ट्रॅटेजम्स’ शत्रूंना डोकं देतो, पण गेम ओळखीचा झाल्यावर. ‘एनहान्स्ड एडिशन ट्रिलॉजी’ने पहिला भाग, ड्रॅगनस्पिअर आणि दुसरा भाग एका सलग गेममध्ये जोडता येतात, त्यासाठी ड्रॅगनस्पिअर आणि दुसऱ्या भागाची सुधारित आवृत्ती दोन्ही लागतात.

आयपॅडवर हा गेम सुखाने खेळता येतो. फोनवर नाही, बोटाखाली तीन माणसं येतात आणि निवडला जातो चौथाच. कन्सोलवरची २०१९ ची आवृत्ती चालते, पण सहा जणांना कंट्रोलरने हलवणं संथ आहे आणि पीसीवरचे मॉड तिथे नाहीत. भाषा इंग्रजी, तीही जुन्या वळणाची आणि भरपूर. मराठी किंवा हिंदी पर्याय नाही. वाचनाचा कंटाळा असेल तर इथेच थांबा.

छापील किंमत २० डॉलरच्या घरात, आणि सेलमध्ये ती निम्म्याहून खाली येते. वर्षातून अनेकदा येते, तेव्हा पूर्ण किमतीला घेण्याचं कारण नाही. जीओजीवर घेतलात तर सोबत जुनी मूळ आवृत्तीही मिळते, म्हणून दोन्ही दुकानांत भाव सारखा असेल तर जीओजी बघा.

आणि दुसरा भाग खेळणार असाल तर फ्रेंडली आर्म इनच्या वरच्या मजल्यावरचा सरदार तुम्हाला नोकर समजून एक सोनेरी तुमान देईल, ती विकू नका. शेवटच्या लढाईनंतर गेम आपोआप जो सेव्ह करतो, तो डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरमध्ये ‘सेव्ह’ या नावाखाली असतो. त्याची एक प्रत वेगळी काढून ठेवा. दुसऱ्या भागात पात्र नुसतं एक्सपोर्ट करून नेलं तर तुमान येत नाही, त्या सेव्हमधूनच न्यावी लागते.