थ्रस्ट फॉल्ट दाखवणारी वाळूची पेटी: पाचपैकी चार तारे

थ्रस्ट फॉल्ट, म्हणजे दाबामुळे खडक तुटून त्याची एक बाजू दुसरीवर चढते ती कमी उताराची भेग. ती फळ्यावर काढून काढून मी कंटाळले होते. तिरकी रेघ, वर जाणारा बाण, आणि समोरून ठरलेला प्रश्न: "पण जुना खडक वर कसा येतो, मॅडम?" म्हणून ही पेटी मागवली. ॲक्रिलिकच्या पारदर्शक भिंती, एका टोकाला सरकती फळी, ती ढकलायला स्क्रू, आणि चार रंगांची वाळू.

पहिला प्रयोग फसला. वाळू दमट राहिली होती, थरांची ढेकळंच सरकली. चूक माझी. दुसऱ्यांदा वाळवून, चाळून घातली आणि हँडल अगदी हळू फिरवलं. आधी थर नुसते जाडावले. मग फळीपुढे उंचवटा आला, आणि भिंतीतून पाहिलं तर लाल पट्टा तुटून स्वतःच्याच डोक्यावर चढलेला! कोनमापक लावला, ३० अंशांच्या आसपास. दाबत राहिलं तसा त्याच्या पुढ्यात दुसरा फॉल्ट फुटला, मग तिसरा. मागचे उभट होत गेले. हिमालयाचे मोठे थ्रस्टही साधारण असेच उत्तरेकडून दक्षिणेकडे तरुण होत येतात.

खरी गंमत नंतर. वाळूवर पाणी फवारून मुरू दिलं आणि पारदर्शक नळी सरळ खाली खुपसली. नळीत वरून खाली: पिवळा, पांढरा, लाल, पुन्हा पांढरा, लाल, निळा. लाल थर पांढऱ्याच्या आधी घातलेला, आणि बसलाय त्याच्यावर. स्वित्झर्लंडमध्ये ग्लारूसला तर २५ ते ३० कोटी वर्षांचा खडक ३.५ ते ५ कोटी वर्षांच्या खडकावर चढलेला आहे. यंदा तो प्रश्न कुणी विचारला नाही.

आता तक्रारी. स्क्रूचा आटा मध्येच घसरतो. माहितीपत्रकात दाबाने एक बाजू वर चढलेल्या प्रत्येक उलट्या फॉल्टला थ्रस्ट म्हटलंय. भेगेचा उतार ४५ अंशांपेक्षा कमी असेल तरच तो थ्रस्ट. भिंतीला घासून कडेचे थर मागे ओढले जातात, म्हणून ओली वाळू मधोमध कापूनच बघा. आणि वाळू तुटते छान, पण खडकासारख्या सुबक वळ्या तिच्यात पडत नाहीत.

एकदा तळाशी काचेच्या बारीक मण्यांचा थर पसरला. खडकात शेल (चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक) किंवा मीठ असतं, तशी ही निसरडी जागा. फॉल्ट लांब लांब अंतरावर आले, ढिगाचा उतार एकदम कमी. हे मणी मला वेगळे मागवावे लागले. चौथा रंग नसता तरी चाललं असतं, मणी द्यायला हवे होते.