नव्या प्रोसेसरसाठी जादा पैसे मोजावेत का? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर अल्ट्रा ५ १२५एच हा प्रोसेसर आहे. धाकट्या बहिणीकडे त्याच कंपनीचा, त्याच बांधणीचा, पण आदल्या पिढीतला लॅपटॉप असून त्यात कोअर आय५-१३४०पी आहे. दोन्हींत १६ जीबी रॅम, सारखाच पडदा आणि सारख्याच क्षमतेची एसएसडी असल्यामुळे, नव्या प्रोसेसरसाठी मोजलेल्या जादा पैशांचे नेमके काय मिळाले हे पडताळून पाहण्याची चांगली संधी मला मिळाली. माझे काम मुख्यतः पुस्तकांची अक्षरजुळणी आणि ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांचे संपादन असे दुहेरी आहे, आणि या दोन कामांनी एकाच प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरे दिली.

अक्षरजुळणी, ईमेल, ब्राउझरमधली पंधरा-वीस पाने, हिशेबाच्या शीट्स या रोजच्या कामांत मला वेगाचा फरक जाणवला नाही. लॅपटॉप सुरू होणे, मोठी फाईल उघडणे, तीनशे पानांच्या पुस्तकाची पीडीएफ तयार होणे, यांपैकी कशातही नवा लॅपटॉप डोळ्यांत भरेल इतका पुढे गेला नाही. याचे कारण आकड्यांतच दिसते. अशी बरीच कामे एका वेळी एक-दोन कोअरवरच (म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांवरच) चालतात, आणि १३४०पीचा कमाल वेग ४.६ गीगाहर्ट्झ आहे, तर १२५एचचा ४.५. नव्यात १४ कोअर आणि जुन्यात १२ असले, तरी दोन्हींतले मोठे, वेगवान कोअर चारच आहेत. वाढलेले दोन कोअर मुद्दाम कमी विजेवर चालणारे, म्हणून संथ ठेवलेले आहेत. दुकानातल्या पाटीवर ‘१४ कोअर’ वाचून आपले टंकलेखन किंवा ब्राउझर वेगवान होईल अशी अपेक्षा कोणी ठेवत असेल, तर ती पुरी होणार नाही.

व्याख्यानांच्या संपादनात मात्र चित्र पालटते. १२५एचमधले आर्क ग्राफिक्स (प्रोसेसरमधला चित्रे आणि व्हिडिओ हाताळणारा भाग) जुन्या आयरिस एक्सईपेक्षा स्पष्टपणे सरस आहेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात एव्ही१ या प्रकारात (व्हिडिओ कमी जागेत साठवण्याच्या एका नव्या पद्धतीत) व्हिडिओ तयार करणारे स्वतंत्र यंत्रांग आहे. १३४०पी एव्ही१ व्हिडिओ सहज दाखवू शकतो, पण तयार करताना ते सगळे काम त्याला कोअरवरच ओढावे लागते. एक व्याख्यान आम्ही दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवून एकाच वेळी एव्ही१मध्ये एक्सपोर्टला, म्हणजे संपादित व्हिडिओची अंतिम फाईल तयार करायला, लावले. बहिणीच्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा आलेख वर जाऊन तिथेच चिकटला, पंख्याचा आवाज वाढत गेला आणि कळफलकाच्या वरची पट्टी हाताला चटका बसेल इतकी तापली. माझ्याकडे प्रोसेसरचा आलेख बराच खाली राहिला, ग्राफिक्सच्या पानावरचा व्हिडिओचा आलेख तेवढा चढला, आणि ते काम चालू असताना मी दुसऱ्या खिडकीत मजकूर तपासत बसू शकलो. माझे एक्सपोर्ट संपले तेव्हा तिचे निम्म्यालाही पोहोचले नव्हते. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: एच.२६४ किंवा एचईव्हीसी हे व्हिडिओचे जुने प्रकार चालणार असतील, तर त्यांच्यासाठीचे यंत्रांग दोन्ही पिढ्यांत आहे आणि मग हे अंतर पुष्कळच कमी होते.

बॅटरीबाबत मी थोडे सावधपणे लिहितो, कारण बहिणीची बॅटरी माझ्यापेक्षा जुनी आहे आणि दोन्हींची तुलना काटेकोर होऊ शकत नाही. कोअर अल्ट्राच्या या पिढीत प्रोसेसर वेगवेगळ्या तुकड्यांत विभागलेला आहे. कमी विजेवर चालणारे ते दोन कोअर आणि व्हिडिओचे यंत्रांग एका तुकड्यात आहेत, त्यामुळे नुसता व्हिडिओ पाहताना मुख्य कोअरचा तुकडा शक्य तेव्हा बंद ठेवता येतो. वाचन, व्हिडिओ, हलके टंकलेखन अशा वेळी चार्जरशिवाय माझा दिवस आरामात निघतो आणि पंखा बहुधा फिरतच नाही. जड काम सुरू केले की हा फायदा झपाट्याने विरतो. दोन्ही प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा २८ वॅटच आहे, आणि पूर्ण भाराखाली नवा प्रोसेसरही बॅटरी तितक्याच वेगाने संपवतो.

एआयच्या कामांसाठी दिलेल्या एनपीयूचा उपयोग मला व्हिडिओ कॉलमध्ये पार्श्वभूमी अंधूक करण्यापलीकडे झालेला नाही. मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस पीसी या एआय सुविधांच्या लॅपटॉपवर्गासाठी ४० टॉप्सची (सेकंदाला ४० लाख कोटी गणनांची) अट घातली आहे आणि या पिढीचा एनपीयू तिच्या आसपासही पोहोचत नाही. तेव्हा त्यासाठी म्हणून जादा पैसे देण्यात अर्थ नाही.

खरेदी करणाऱ्याने ‘नवा’ या शब्दावर विसंबू नये, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. २०२४ मध्ये आलेल्या कोअर ५ १२०यूचे नाव नव्या धाटणीचे असले, तरी त्याची घडण आदल्या पिढीचीच आहे. इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या लॅपटॉपसाठीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा पाहावा, कारण प्रोसेसर ‘झेन’च्या कोणत्या पिढीच्या घडणीचा आहे ते त्यावरून कळते: रायझन ५ ७५३०यू हा झेन ३ घडणीचा, तर ७५२०यू त्याहूनही जुन्या झेन २ घडणीचा आहे. रायझन ७ ७८४०यू आणि ८८४०यू यांचे कोअर आणि ग्राफिक्स एकच असून मुख्य फरक एनपीयूच्या क्षमतेचा आहे, म्हणून ७८४०यू स्वस्त मिळत असेल तर मी निःशंकपणे तोच घेईन. शिवाय प्रोसेसरला सलग किती वॅट द्यायचे हे शेवटी लॅपटॉपची कंपनी ठरवते. अगदी पातळ लॅपटॉपमधला नवा प्रोसेसर चांगला पंखा असलेल्या जाड लॅपटॉपमधल्या जुन्यापेक्षा मागे पडू शकतो. म्हणून नुसत्या प्रोसेसरची नव्हे, तर त्याच मॉडेलची चाचणी शोधून वाचावी, आणि तीही छोट्या नव्हे, अर्धा-पाऊण तास सलग चालणाऱ्या कामाची.

माझ्यापुरता निर्णय योग्य ठरला, कारण एक्सपोर्टमध्ये वाचणारा वेळ मला दर आठवड्याला उपयोगी पडतो. मावसभावाचे काम मात्र हिशेब आणि पत्रव्यवहाराचे आहे, त्यामुळे त्याने विचारले तेव्हा मी त्याला १३४०पीचाच, पण ३२ जीबी रॅमचा लॅपटॉप घ्यायला सांगितले. त्या मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असल्याने ती नंतर वाढवता आली नसती, आणि जादा रॅम धरूनही किंमत माझ्या लॅपटॉपपेक्षा कमीच पडली.