इन्फ्रारेड लँडस्केप, कन्व्हर्टेड कॅमेरा आणि ट्रायपॉडला सुट्टी

जुन्या मिररलेस कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढची इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश) अडवणारी काच काढून तिथे ७२० नॅनोमीटरची, म्हणजे साधारण त्याहून लांब तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणारी, बसवून घेतली, त्याला आता बरेच महिने झाले. आधी साध्या कॅमेऱ्यावर आर७२ फिल्टर (दिसणारा प्रकाश अडवून इन्फ्रारेड सोडणारा) लावून करायचो, म्हणजे ट्रायपॉड, फ्रेम ठरवा, मग फिल्टर लावा आणि कित्येक सेकंदांचं एक्सपोजर, तोवर वारा सुटला की सगळी पानं पुसट. आता भर उन्हात आयएसओ २००, एफ/८ ला शटर १/२०० च्या आसपास मिळतं, त्यामुळे चालता चालता फोटो निघतात. पैसे वसूल झाले ते इथेच. आणि दुपारी बाराचं ऊन, जे एरवी लँडस्केपवाले टाळतात, तेच इथे सगळ्यात भारी. पानं इन्फ्रारेड जोरात परत फेकतात म्हणून झाडं पांढरीशुभ्र, निळं आकाश आणि पाणी जवळपास काळं, ढग नुसते उसळून येतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडनं १९१० मध्ये असे फोटो छापले होते, तेव्हा ही जादू काही नवी नाही.

आता डोकेदुखी. कॅमेरा नाही, लेन्स नडते. माझी एक झूम एफ/४ ला एकदम स्वच्छ, पण एफ/११ केलं, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान केलं, की फ्रेमच्या मधोमध फिकट गोल डाग, नेमका गडद आकाशात, आणि तो एडिटिंगमध्ये काढताना जीव जातो. साध्या फोटोत हीच लेन्स मस्त आहे, म्हणजे किंमत किंवा रिव्ह्यू बघून काही कळत नाही, कन्व्हर्ट करायच्या आधीच कोणत्या लेन्सला असा डाग येतो याच्या याद्या शोधून आपल्या लेन्सेस बघून घ्या. एफ/८ च्या पुढे मी सहसा जातच नाही. सूर्य फ्रेमच्या जवळ असेल तर फ्लेअर पण जास्तच येतो, हूड पाहिजेच.

फोकसचं मिररलेसवर टेन्शन नाही कारण फोकस सेन्सरवरूनच होतो. डीएसएलआर असेल तर मात्र फोकस कॅलिब्रेट करून घ्या नाहीतर लाइव्ह व्ह्यू वापरा.

व्हाइट बॅलन्स उन्हातल्या हिरव्या गवतावर कस्टम सेट करायचा, तरी रॉ फाइल कॉम्प्युटरवर उघडली की लालभडक, कारण लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचा व्हाइट बॅलन्सचा स्लायडर २००० केल्विनलाच थांबतो, म्हणून वेगळं कॅमेरा प्रोफाइल बनवावं लागतं. एकदा बनवलं की विषय संपला. हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) लाल चॅनेलवर लक्ष ठेवा, तोच आधी फुटतो, म्हणजे जास्त उजेडानं त्यातला तपशील जातो. लाल-निळा चॅनेल अदलाबदल करून निळं आकाश आणायची फॅशन आहे, मला दोन दिवसांत कंटाळा आला, मी बहुतेक ब्लॅक अँड व्हाइटच करतो. रंगांशी खेळायचंच असेल तर ५९० नॅनोमीटरची काच घ्या, ७२० मध्ये रंग कमीच उरतो.

कॅमेरा फुल स्पेक्ट्रम करून (म्हणजे सेन्सरपुढे दिसणारा आणि न दिसणारा दोन्ही प्रकाश सोडणारी काच बसवून) लेन्सवर फिल्टर बदलत बसणारेही आहेत, पण माझ्या प्रत्येक लेन्सचा थ्रेड वेगळा, मला ते झंझट नको.