एंजल घ्यावे की म्बुना? इंदूरकरांनी आधी नळ बघावा

सिक्लिड कुळातले मासे पाळायचे, शिवाय पिल्लंही काढायची, असं ठरलं की गाडी बहुतेक दोन माशांवर येऊन थांबते. एकीकडे एंजल, दुसरीकडे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे पिवळे-निळे म्बुना. रंगावर भुलू नका. घरात पाणी कुठलं येतं ते आधी बघा.

बोअरवर चालणारं घर असेल तर बादलीला बसणारा पांढरा थर ओळखीचा असेलच, म्हणजे पाणी क्षारांचं, जड. एंजल ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले. फार्मवर वाढलेले एंजल जड पाण्यात जगतात, अंडीही घालतात, पण त्यातली फुटतात कमी. म्बुनाला मात्र हे पाणी माहेरचंच: मलावी सरोवराचा पीएच साधारण 7.8 ते 8.6, म्हणजे अल्कधर्मी. नळाला येणारं नर्मदेचं पाणी बोअरपेक्षा मऊ, त्यामुळे एंजलसाठी तेच बरं. फक्त त्यातलं क्लोरीन काढून टाकल्याशिवाय टाकीत ओतू नका.

खरा फरक विणीत आहे. एंजलचे नर-मादी दिसून ओळखता येत नाहीत. सहा लहान आणा, जोडी ते आपली आपण जमवतात. उभ्या लावलेल्या फरशीवर मादी अंडी ओळीने चिकटवत वर सरकते, मागून नर फिरतो. मग दोघं परांनी वारा घालत बसतात, पांढरं पडलेलं अंडं तोंडाने वेचून काढतात. पहिल्या एक-दोन खेपांना सगळीच फस्त करतात, चालायचंच. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, पण पिल्लं पोहायला लागली की ताजं फुटलेलं आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक जिवंत जीव, हवंच. इथेच नवखे हात टेकतात.

म्बुनाची मादी अंडी तोंडात धरते. गळा फुगलेला, जबडा चघळल्यासारखा हलतोय, खाणं जवळपास बंद, असे सुमारे तीन आठवडे. पिल्लं कमी, पण बाहेर पडतात ती चुरलेलं फ्लेक खाण्याइतकी मोठी. नवख्याला मी हेच सुचवेन, चार फुटी टाकीला जागा असेल तर. एका नरामागे तीन-चार माद्या, दगडांच्या भरपूर कपारी, झाडांची हौस सोडायची. खाणं स्पिरुलिना शेवाळाचं, ब्लडवर्मचे (लाल अळ्यांचे) लाड केले तर पोट फुगून जातात. आणि जाती मिसळू नका, संकर होतो.

जागा कमी असेल तर एंजल. त्यांना किमान 18 इंच उंची द्या. निऑन टेट्रा हे इवले मासे सोबत ठेवाल तर ते एंजलच्या पोटात जातील.

मे महिन्यात दोघांचेही हाल. पाणी तापलं की ऑक्सिजन घटतो, आणि दाटीने ठेवलेल्या म्बुनांना आधी धाप लागते. झाकणाऐवजी जाळी टाका, वरून टेबलफॅन लावा, वीज गेली तर बॅटरीचा एअरपंप हाताशी असू द्या.