६५ इंची पॅनल, वर्षभराच्या वापरानंतर: घेताना आधी उंची ठरवा

शाळेच्या डिजिटल पॅनलची, म्हणजे बोटाने लिहिता येणाऱ्या मोठ्या पडद्याची, टच फ्रेम (स्पर्श ओळखणारी कडेची पट्टी) बदलायला अठरा हजार रुपये. सर्व्हिस सेंटरने हा आकडा फोनवर सांगितला, पॅनल न बघता. त्या वेळी शाळेच्या संयुक्त अनुदानाचा हिशोब माझ्यासमोर उघडाच होता. आमचा पट ३१ ते १०० च्या गटात बसतो, म्हणजे समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषाने वर्षाला २५,००० रुपये. त्यातच वीजबिल, खडू, रंगरंगोटी, नळाची दुरुस्ती, फिनेल आणि झाडू. त्यातले अठरा हजार एका पट्टीला द्यायचे, तर वर्षभर बाकीची शाळा कशावर चालवायची? त्या पट्टीचं पुढे काय झालं ते सांगतोच. पण हा पॅनल वर्षभर रोज वापरलाय, आणि आता आसपासच्या शाळाही घ्यायच्या विचारात आहेत, म्हणून सगळंच सविस्तर लिहितो.

शाळा खटाव तालुक्यातली, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. पॅनल आला तो शैक्षणिक उठावातून, म्हणजे शाळेसाठीच्या लोकवर्गणीतून. गावातली बरीच घरं गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी दक्षिणेत गेलेली आहेत. ती मंडळी जत्रेला आली, शाळेत बसली आणि सव्वा लाखाच्या आत सगळं बसवून दिलं. रॅम किती, अँड्रॉइड कितवं, हे कंपनीच्या कागदावर असतंच. ते इथे परत उतरवत नाही.

मला बोलायचंय ते उंचीबद्दल. कुठल्याच जाहिरातीत याचा उल्लेख नसतो आणि बसवायला येणारा माणूसही विचारत नाही.

फिटर आला, त्याने त्याच्या नेहमीच्या मापाने भिंतीला भोकं पाडली. पॅनलची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर आली. बँकेत किंवा ऑफिसात हे माप बरोबर असेल. ६५ इंची पडदा उभ्या मापात ८१ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे वरची कड साडेसहा फुटांच्याही वर गेली. पहिलीचं मूल साधारण पावणेचार फुटांचं. हात वर करून, टाचा उंचावून त्याचं बोट साडेचार फुटांपर्यंत पोचतं. हिशोब करा, सव्वा लाखाच्या पडद्याची खालची सहा-सात इंचांची पट्टी तेवढी त्या मुलाच्या वाट्याला. तिथे फक्त मेनूची बटणं असतात.

परिणाम पहिल्या महिन्यातच दिसला. पॅनल फक्त मी आणि बाई वापरत होतो. मुलं समोर बसून बघायची. चित्रफीत लावली की वर्ग चिडीचूप, हाताची घडी, तोंडावर बोट. बाहेरून बघणाऱ्याला हे फार छान दिसतं. केंद्रप्रमुखांनीही वर्ग शांत आहे म्हणून कौतुक केलं. मला मात्र ते खटकत राहिलं, कारण ही शांतता घालवायलाच या जिल्ह्यातल्या शिक्षकांनी इतकी वर्षं घातली आहेत. साताऱ्याच्या कुमठे बीटातलं (बीट म्हणजे शाळांचा गट) रचनावादाचं, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याचं, काम बघायला राज्यभरातून शिक्षक यायचे. तिथे काय बघितलं? फळा जमिनीवर आणलेला. फरशीवर रंगवलेले तळफळे, भिंतीला कमरेच्या उंचीचे हिरवे फळे, मुलं गटात पालथी पडून लिहिताहेत आणि बाई त्यांच्यात बसलेल्या. त्याच्याही कितीतरी आधी, १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अंगणवाडीची कल्पना उभी राहिली, तीही शाळा पोराच्या अंगणापर्यंत, त्याच्या हातापर्यंत नेण्यासाठीच. आम्ही फळा खाली आणला आणि पडदा आला तो थेट छताजवळ जाऊन बसला.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हापासून गावोगाव लोक म्हणतात की आपल्याही शाळेत तसं डिजिटल पाहिजे. त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे क्यूआर कोड पुस्तकाच्या पानावर होता. पान मुलाच्या हातात, म्हणजे कोडही मुलाच्या हातात. यंत्र किती महागाचं यापेक्षा ते कोणाच्या हाताला लागतं, हे आधी बघायला पाहिजे.

मग पॅनल खाली घेतला. वजन चाळीस किलोच्या आसपास, एकट्यादुकट्याचं काम नव्हे. कंपनीचा चाकांचा स्टँड मिळतो, पण त्याची किंमत ऐकून आम्ही तो विषय सोडला, शिवाय त्याचीही सगळ्यात खालची खाच मुलांसाठी उंचच आहे. गावातल्या वेल्डरने लोखंडी अँगलची चौकट करून दिली, मजुरी घेतली नाही. खालची कड आता जमिनीपासून बरोबर दोन फूट. पहिलीच्या मुलाचा हात जवळजवळ वरच्या कडेपर्यंत जातो. मागे बसणाऱ्यांना पुढच्यांची डोकी आड येतील ही बाईंची शंका होती. ती खरी ठरली, म्हणून पुढची रांगच काढून टाकली आणि मुलं अर्धगोलात बसवली. आता सगळ्यांना दिसतं.

यानंतरचं माझं मत आधीच्यापेक्षा पुष्कळ वेगळं आहे. पहिल्या दोन महिन्यांनंतर कोणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की मोठा टीव्ही घ्या, पैसे वाचवा. आज तसं सांगणार नाही. टीव्हीवर मुलांना लिहिता येत नाही.

परिसर अभ्यासाच्या तासाला उपग्रह नकाशा उघडला होता. मी फक्त गावावर आणून सोडला आणि बाजूला झालो. पहिल्यांदा प्रत्येकाने आपापलं घर शोधलं, मग विहिरी, मग देवळाचा कळस वरून कसा दिसतो यावर बराच वेळ गेला. तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, आपली येरळा पुढे जाते कुठे? मी उत्तर दिलं नाही. तिला म्हटलं, बोट ठेव आणि जा. तिच्या मागे चौघं उभी राहिली. नकाशा सरकवत सरकवत येरळवाडीचं तळं लागलं, मग मायणीचं. तिथे रोहित पक्षी येतात हे एकाला माहीत होतं, कारण त्याचा मामा तिकडे राहतो. पुढे नदीचं पात्र काही ठिकाणी नुसती पांढरी वाळू दिसायला लागलं. एक जण म्हणाला, नदी संपली. दुसरा म्हणाला, संपली नाही, आटलीय. भांडण झालं, चांगलं जोरात झालं, आणि ते मिटवायला त्यांनी नकाशाच पुढे ढकलला. ब्रह्मनाळजवळ येरळा कृष्णेला मिळते तिथपर्यंत ती पोचली, तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली होती आणि खिचडी निवत होती. कोणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने उलट्या दिशेने, उगमाकडे जायचं म्हणून आल्या आल्या पॅनल सुरू करायला लावला. चार फुटांवर टांगलेल्या पडद्यावर हे घडलं नसतं. बोट मी फिरवलं असतं, नदी मी दाखवली असती आणि मुलांनी वहीत "येरळा कृष्णेला मिळते" असं उतरवून घेतलं असतं.

आत भरून दिलेल्या अभ्यासक्रमाच्या सामग्रीबद्दल थोडक्यात. सुरुवातीला तिच्यावर मी फुली मारली होती. आवाज शहरी, उदाहरणं मॉलमधली. पण बाईंनी पहिलीसाठी त्यातले अक्षरं गिरवायचे आणि वस्तू मोजायचे खेळ वेगळे काढले, आवाज बंद केला आणि मुलांनाच एकमेकांना सूचना द्यायला लावल्या. दुसरीची मुलं पहिलीच्यांना शिकवतात, त्यांच्याच बोलीत. त्यामुळे ही सामग्री मी आता कामाची मानतो, आवाज बंद ठेवून. चित्रफिती तशाही दीक्षा ॲपवर फुकट आहेत, बालभारतीच्या पुस्तकावरचा कोड मोबाईलने उघडला की झालं. तेवढ्यासाठी कंपनीला दरवर्षी वर्गणी भरायची काहीही गरज नाही. विक्रेता गळ घालेल, नको म्हणा.

आता बिघाडाचं. उन्हाळी सुट्टीनंतर १५ जूनच्या सुमारास शाळा उघडली, पॅनल लावला, तर तो आपोआपच चालायला लागला. मेनू उघडतोय, रेघा ओढल्या जाताहेत, मुलाचं बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे. फोन केला तर सांगितलं, टच फ्रेम गेली, अठरा हजार. वॉरंटी तीन वर्षांची आहे म्हटल्यावर उत्तर आलं की तुम्ही पॅनल जागेवरून हलवलाय, वॉरंटी संपली. मी वॉरंटी कार्ड ओळ न् ओळ वाचलं. पाणी, वीज पडणं, आपटणं, उघडून दुरुस्ती करणं, हे सगळं लिहिलंय. उंची बदलण्याबद्दल एक अक्षर नाही. पडद्याला ओरखडा नाही, स्क्रू सगळे जागच्या जागी. तसे फोटो, सिरीयल नंबर आणि कार्डाचं पान जोडून शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांच्या सहीने ईमेल केला. चार दिवस काही नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवतोय असा दुसरा ईमेल केला. माणूस त्याच आठवड्यात आला.

त्याने चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बॅटरी मारली. काच आणि कड यांच्या सांध्यात कुंभारणीने मातीचं घर केलं होतं, सुट्टीत, बंद खोलीत. या पॅनलमध्ये काचेला स्पर्श कळत नाही. कडेला चारी बाजूंनी अवरक्त किरणांचे छोटे दिवे आणि समोर त्यांचे डोळे असतात. बोट आड आलं की किरण अडतो आणि त्यावरून जागा कळते. मातीचं घर किरण अडवत होतं, म्हणून यंत्राला तिथे सतत कोणीतरी बोट टेकवून उभं आहे असं वाटत होतं. माती काढली, मऊ ब्रशने कड झाडली, पॅनल चालू. वेळ गेला पाच मिनिटं. त्यासाठी न बघता अठरा हजार सांगितले होते, आणि तेही लोकवर्गणीच्या वस्तूवर, जिल्हा परिषदेच्या शाळेला. वर व्हिजिटचे पैसे मागितले. वॉरंटी कार्डावर जागेवर येऊन सेवा असं छापलंय ते दाखवलं आणि एक रुपया दिला नाही. ज्या शाळेत कार्ड वाचायला कोणाला वेळ मिळाला नसेल, तिथे काय होत असेल याचा विचार केला की अजून संताप होतो.

या किरणांच्या पद्धतीचे फायदे-तोटे दोन्ही समजून घ्या. पेन हरवला तरी अडत नाही, बोट, पट्टी, पेन्सिलीची मागची बाजू, काहीही चालतं. पण खडूची धूळ खालच्या कडेत साचते आणि टच वेडावाकडा होतो. खडूचा फळा पॅनलला लागून ठेवू नका. आमच्याकडे तो समोरच्या भिंतीवर नेला आणि दर शनिवारी चौथीतली दोन मुलं रंगाच्या कोरड्या ब्रशने कड झाडतात. दुसरा शत्रू ऊन. आमची खिडकी पूर्वेची, सकाळच्या शाळेत ऊन थेट चौकटीवर यायचं आणि टच अडखळायचा. जाड पडदा लावल्यापासून तो त्रास नाही. मोठ्या सुट्टीत पॅनल जुन्या सुती चादरीने झाकून, कडा बांधून ठेवायचा, हे यंदापासून ठरलंय.

विजेचं गणित परवडतं. मागच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे दीडशे वॅटच्या आसपास, म्हणजे दिवसाला तीन-चार तास वापरला तर अर्ध्या युनिटच्या आसपास. प्रश्न भारनियमनाचा आणि कमी-जास्त दाबाचा आहे. स्टॅबिलायझर पहिल्याच दिवशी घ्या, त्यात काटकसर नको.

एक सोय मात्र अशी निघाली की जिचा विचार घेताना केलाच नव्हता. पॅनलवरचं लिखाण पानापानाने पीडीएफ करून साठवता येतं. आमच्याकडे काही कुटुंबं मेंढरं घेऊन महिनोन् महिने बाहेर असतात. अशा घरातल्या चौथीच्या मुलाच्या वडिलांच्या मोबाईलवर मी रोजचा फळा पाठवायला लागलो. त्यात माझं कमी आणि त्याच्या वर्गमित्रांचं अक्षर जास्त. कोणी त्याच्यासाठी कोपऱ्यात त्याचं नाव लिहितं, कोणी गणित घालून ठेवतं. तो रात्री मुक्कामावर सोडवतो आणि वहीच्या पानाचा फोटो परत येतो. सकाळी तो फोटो पॅनलवर उघडला की सगळा वर्ग तपासायला पुढे येतो. चुकलं असेल तर का चुकलं हे त्याला समजेल असं लिहायचं कामही तेच करतात. भागाकार माझ्या वर्गाला यंदा जितका पक्का आलाय तितका आधी कधी आला नव्हता, आणि त्यातला मोठा वाटा या पत्रव्यवहाराचा आहे असं मला वाटतं.

घ्यावा का? वर्गणी जमत असेल आणि शिक्षकाची बाजूला उभं राहायची तयारी असेल, तर जरूर घ्या. ७५ इंचीच्या मागे लागू नका. वीस-पंचवीस मुलांच्या खोलीला ६५ पुष्कळ झाला, आणि मोठा पडदा मुलांच्या हाताबाहेरच जाईल. ऑर्डर देतानाच "खालची कड जमिनीपासून दोन फूट, फिटिंग कंपनीकडून" असं कागदावर लिहून घ्या. नंतर हलवलं म्हणून वाद घालायला त्यांना जागा उरणार नाही. वॉरंटी वाढवून घेण्यासाठी आता फोन सुरू झालेत, वर्षाला नऊ हजार म्हणतात. ते पैसे आम्ही देणार नाही. समितीच्या बैठकीत त्या रकमेत इन्व्हर्टरची बॅटरी बदलायचं ठरलंय, म्हणजे दुपारी वीज गेली तरी बाईंच्या वर्गाचा तास बुडणार नाही.