बायोस अपडेट फसलं: बूट ब्लॉक रिकव्हरी की चिप प्रोग्रामर?
बायोस म्हणजे संगणक सुरू करणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम. त्याचं अपडेट मध्येच फसलं की पंखा फिरतो, स्क्रीन काळी. सीमॉस रीसेट करून पाहिलंच असेल. पण त्याने फक्त सेटिंग्ज पुसतात, चिपमधला अर्धवट कोड तसाच राहतो. उरतात दोन वाटा: बूट ब्लॉक (बायोसचा सुरुवातीचा छोटा भाग) वापरून बायोस पुन्हा भरणं, म्हणजे रिकव्हरी; किंवा चिपमध्ये थेट कोड लिहिणारं उपकरण, म्हणजे प्रोग्रामर.

खर्च: रिकव्हरीला एक पेनड्राइव्ह पुरतो, जुन्या अवॉर्ड कंपनीच्या बायोसला फ्लॉपी. प्रोग्रामर म्हणजे सीएच३४१ए नावाचं छोटं यूएसबी उपकरण आणि सोबत चिपला लावायची क्लिप. महाग नाही, पण विकत घ्यावं लागतं.

यशाची शक्यता: बूट ब्लॉक शाबूत असेल तरच रिकव्हरी चालते. फ्लॉपीचा दिवा लागला किंवा बीप आला, तर आशा धरा. बायोस फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय अगदी तसंच हवं. बरेच प्रयत्न इथेच फसतात. प्रोग्रामरला बूट ब्लॉकशी देणंघेणं नाही.

जोखीम: इथे प्रोग्रामर खरी काळजी मागतो. चिप ३.३ व्होल्टची की १.८ची, हे आधी तपासा. बोर्डाची वीज पूर्ण तोडा. चिपमधला जुना मजकूर दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळतात का पाहा आणि जपून ठेवा, कारण नेटवर्कचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची मशीनची ओळख) कधीकधी त्यातच असतो. नव्या फाइलचा आकार चिपएवढाच हवा. ३२ पायांची चौकोनी चिप असेल, तर सीएच३४१ए उपयोगाचा नाही.

एकच मशीन आणि बूट ब्लॉक जिवंत असेल, तर रिकव्हरीच करा. बोर्ड पूर्ण गप्प असेल किंवा जुनी मशीन्स नेहमी दुरुस्त करत असाल, तर प्रोग्रामर घ्या.